हायब्रीडची सीट आणि उजवी मांडी

लातूरहून अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याला येईस्तोवर उजवी मांडी बधिर व्हायची. गाडी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी; तिला क्लच नाही, त्यामुळं डावा पाय निवांत, राबतो तो उजवाच. सीट पुढं उतरती. मांडीखाली अख्खा पंजा शिरायचा, म्हणजे आधारच नाही. गादीवाल्याकडून पुढं जाड, मागं निमुळती अशी घट्ट फोमची पाचर कापून घेतली. पाठ जरा उभी केली, कमरेमागं पंचाची गुंडाळी, पाकीट मागच्या खिशातून बाहेर. आता गेवराईपर्यंत पाय कुरकुरत नाही.

फार जाड उशी नको, सीटबेल्टचा पट्टा कमरेवरून पोटावर सरकतो. आणि मागच्या सीटजवळ बॅटरीची हवेची जाळी असेल तर तिच्यावर पिशव्या टाकू नका; आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी आधीच तापलेली असते.