जुन्या गाडीच्या तपासण्यांचा इतिहास कसा वाचावा

आपल्याकडे खासगी मोटारीची दर वर्षी सरकारी तपासणी होत नाही, ही गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि एवढ्या काळात तिचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा चेसिस आरटीओच्या निरीक्षकाने पाहिलेच असतील असे मुळीच नाही. त्यामुळे 'गाडीचे सगळे पेपर क्लिअर आहेत' या वाक्यावर गाडीची प्रकृती ठरवता येत नाही. तपासण्यांचा इतिहास असतो, पण तो पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), विमा, सर्व्हिसच्या पावत्या आणि आरटीओची नोंद असा चार ठिकाणी विखुरलेला असतो आणि तो घेणाऱ्यालाच जुळवावा लागतो.

यासाठी माझी पद्धत साधी आहे. एका कोऱ्या कागदावर तारीख, किलोमीटर आणि कागदाचे नाव असे तीन रकाने आखावेत आणि विक्रेत्याने दाखवलेला प्रत्येक कागद, मग ती टायरची पावती का असेना, तारखेच्या क्रमाने त्यात उतरवावा. अर्ध्या तासात होणारे हे काम आहे, परंतु सुटे कागद चाळताना जे दिसत नाही ते या यादीत लगेच दिसते. दोन कागदांमध्ये दीड वर्षाची पोकळी असेल, तर त्या काळात गाडी कोठे होती, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

सुरुवात आरसीपासून, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रापासून करावी. परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, विमा व पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडी कितव्या मालकाकडे आहे आणि तिच्यावर कर्जाची नोंद आहे का, ही माहिती मिळते. ही माहिती आरसीशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. त्यानंतर बॉनेट उघडून चेसिस नंबर स्वतः वाचावा. बऱ्याच गाड्यांमध्ये तो इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, काहींमध्ये पुढच्या सीटखाली. धूळ पुसून त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी घासावी; सगळे अक्षर-अंक एकसारख्या खोलीचे उमटले पाहिजेत. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल, तर तेथेच थांबावे.

गाडी १५ वर्षांची झाली असेल किंवा होत आली असेल, तर रिपासिंगचा, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाचा प्रश्न येतो. या वेळी गाडी प्रत्यक्ष आरटीओकडे न्यावी लागते आणि ती पास झाली की नोंदणी एका वेळी ५ वर्षांसाठी वाढते. म्हणूनच जुन्या खासगी गाडीच्या आयुष्यातली सर्वांत भरवशाची सरकारी तपासणी हीच आहे. चारचाकीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले असून महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. 'तुम्ही गाडी घ्या, रिपासिंग नंतर करून देतो' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. गाडी आधी विक्रेत्याच्या नावावर पास झालेली असावी. नापास होण्याची जोखीम आपल्या गळ्यात घेण्याचे काहीच कारण नाही.

आता पीयूसी. बहुतेक लोक या कागदावरची मुदत तेवढी पाहतात, आणि मला याचे नेहमी वाईट वाटते, कारण इंजिनाबद्दल इतके थेट बोलणारा दुसरा कागद सहसा हाती लागत नाही. पीयूसीवर गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, ठरवून दिलेली मर्यादा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा, असे तिन्ही छापलेले असते. बीएस-४ (भारत स्टेज-४ हे गाडीच्या धुराचे सरकारी मानक) पेट्रोल गाडीसाठी इंजिन आयडलिंगवर असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. बीएस-४ डिझेल गाडीच्या धुराच्या गडदपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, तर त्याआधीच्या डिझेल गाड्यांसाठी ती २.४५ आहे. एकच पीयूसी पाहून फारसे कळत नाही. मागच्या तीन-चार पीयूसी मागाव्यात आणि आकडे ओळीने लिहावेत. हायड्रोकार्बन दर वेळी थोडे थोडे चढत गेले असेल, तर इंधन नीट जळत नाही, म्हणजे प्लग, इंजेक्टर किंवा पिस्टन रिंगकडे लक्ष द्यायला हवे. डिझेल गाडीचा धूर मर्यादेच्या अगदी काठावर येऊन ठेपला असेल, तर पुढचा खर्च आपल्याला करायचा आहे हे समजून भाव करावा. आणि चारही कागदांवर दशांशापर्यंत तोच आकडा असेल, तर ती चाचणी झालीच नाही असे समजून आपल्यासमोर नवी पीयूसी काढायला सांगावे.

येथे पुण्याच्या खरेदीदाराने एक बारकावा ध्यानात ठेवावा. बीएस-४ चा नियम पुण्यासह काही मोजक्या शहरांत एप्रिल २०१० पासून लागू झाला, तर देशभर तो एप्रिल २०१७ मध्ये आला. त्यामुळे २०१३ ची पुण्यात नोंदलेली एमएच १२ किंवा एमएच १४ गाडी आणि त्याच वर्षी दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात नोंदलेली तीच गाडी, या दोन्ही एकाच मानकाच्या असतील असे नाही. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीची पीयूसी एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने. बीएस-३ गाडीला वर्षाकाठी एकच पीयूसी दिसत असेल, तर निम्मा काळ ती पीयूसीविना फिरली आहे, आणि अशा मालकाने ऑइल तरी वेळेवर बदलले असेल का, असा प्रश्न मनात येतोच.

विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा रकाना पाहावा. क्लेम न घेतल्यास हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. मागच्या वर्षी ४५ आणि या वर्षी शून्य असेल, तर मध्ये क्लेम झालेला असू शकतो. दुरुस्तीचे बिल मागावे. अर्थात बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे मालक बदलल्यावर तो शून्यावर आला असेल, तर त्यात संशयास्पद काही नाही.

क्लेमची चौकशी पुण्यात आणखी एका कारणासाठी करावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात पाणी शिरले तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन-पुसून उभी केलेली अशी गाडी वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यावर मातकट रेघ असेल, तर पाणी गाडीच्या आत शिरले होते. स्टेपनीच्या खळग्यात आणि सीटच्या रुळांवरही बोट फिरवून पाहावे.

किलोमीटरचा पडताळा सर्व्हिसच्या नोंदींवरून होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विक्रेत्याला सोबत नेऊन नोंदी मागितल्या, तर प्रत्येक जॉबकार्डवरचे किलोमीटर मिळू शकतात. दोन वर्षांपूर्वी मामेभावासाठी आम्ही हडपसरला एक डिझेल गाडी पाहत होतो. मीटरवर ७१,००० किलोमीटर होते, रंग चकाचक होता, भावाला ती मनापासून आवडली होती. मी ड्रायव्हरचे दार उघडले, तर खांबावर अर्धवट खरवडलेला ऑइलचा स्टिकर दिसला आणि त्यावर निळ्या पेनने 'पुढील ऑइल १,१८,०००' असे लिहिलेले होते. विक्रेत्याला विचारले, तेव्हा मीटर बदलल्याचे त्याने सांगितले, मात्र बदलल्याची पावती त्याच्याकडे नव्हती. आम्ही ती गाडी सोडली.

गाडी पूर्वी टॅक्सी परवान्यावर असेल, तर तिच्या तपासण्या खासगी गाडीपेक्षा जास्त झालेल्या असतात, कारण प्रवासी वाहनाला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस घ्यावे लागते. पण तिचे किलोमीटरही तितकेच जास्त असतात. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) दर ३ वर्षांनी व्हायला हवी. तिचे प्रमाणपत्र पाहावे, त्यावरचा सिलिंडर नंबर डिकीतल्या सिलिंडरशी जुळवावा आणि किट नंतर बसवले असेल, तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे ना, हेही तपासावे. दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते, कारण तेथे १० वर्षांपुढील डिझेल आणि १५ वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर बंधने आली. तिची एनओसी (तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर हे दोन्ही धरून मगच किंमत ठरवावी.

यादी भरून झाली की ती आपल्या ओळखीच्या मेकॅनिकच्या हाती द्यावी आणि गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी, म्हणजे कोठे पाहायचे हे त्याला आधीच कळते. सगळे जुळले, तरच मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कराव्यात. आरसीवर कर्जाची नोंद असेल, तर त्याआधी कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि ती नोंद काढण्याचा फॉर्म ३५ ताब्यात घ्यावा. वाहतूक पोलिसांचे थकलेले ई-चलान व्यवहाराच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहावे आणि ते विक्रेत्याकडून भरून घेतल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.