दुधाचा कोटा वाटताना या चुका टाळा, नाहीतर छोटा शेतकरीच बाहेर पडतो

दूध जास्त झालं की भाव पडतो आणि पहिला मरतो तो चार-पाच जनावरांवाला, म्हणून कोटा लावायचा, म्हणजे कोणी किती दूध घालायचं ते ठरवून द्यायचं, इथपर्यंत पटतं. पण वाटप चुकलं की उलटं होतं, मोठा गोठेवाला आणखी मोठा आणि ज्याच्यासाठी केलं तोच दावणी रिकाम्या करून बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच वर्षाचं दूध बघून कोटा ठरवणं. युरोपात 1984 ला कोटा आला तेव्हा 1981 ते 83 मधलं एखादं वर्ष धरून शेतकऱ्यांचे आकडे काढले. आता गंमत बघा, त्याआधी कोटा लावणाऱ्यांनीच काही शेतकऱ्यांना सांगितलेलं की पाच वर्षं दूध घालू नका, त्याचे पैसे घ्या. ते बिचारे परत आले तर काय, त्या वर्षी दूध शून्य म्हणून कोटाही शून्य! नेदरलँड्समधला एक शेतकरी कोर्टात गेला आणि 1988 ला युरोपच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे चार वर्षं गेलीच की. छोट्याचं तर असं की शंभर गायींत एकीला दगडी (कासेला सूज) झाली तर कळत पण नाही, पण चार गायींत एक दगडीने बसली, एक भाकड, झालं, दूध निम्म्यावर आणि तोच आकडा कायमचा गळ्यात. म्हणून तीन वर्षं बघा, त्यातलं सगळ्यात वाईट सोडून द्या, डॉक्टरची चिठ्ठी असेल तर आकडा बदलायची सोय ठेवा, आणि नव्याने गोठा टाकणाऱ्यांसाठी थोडा कोटा बाजूला काढूनच वाटायला बसा.

दुसरं, सगळ्यांना सरसकट 5 टक्के कपात. कागदावर समान दिसते हो, पण 40 लिटरवाल्याचे 2 लिटर गेले तरी बाकीचा खर्च तोच राहतो आणि मुळात मार्जिनच तेवढं असतं. पहिल्या काही लिटरला हात लावू नका, त्याच्या वरच्या दुधाला कापा.

मग खरेदी-विक्री. कोटा मोकळा विकायला, भाड्याने द्यायला सोडला की तो पैशाकडे पळतो. जर्मनीत गायी विकून नुसता कोटा भाड्याने देणाऱ्यांना लोक 'सोफ्यावरचे गवळी' म्हणायचे, राबणारा वेगळा आणि भाडं खाणारा वेगळा. कॅनडात कोटा दिवसाला किती किलो फॅट यावर असतो, तिथल्या ओंटारियो प्रांतात एका किलोला 24 हजार डॉलरची कमाल मर्यादा घातली तरी तो एक किलो, म्हणजे साधारण एका गायीपुरता हक्क, गायीपेक्षा कितीतरी महाग, नवा पोरगा येणार कुठून? फ्रान्सने कोटा जमिनीला बांधला आणि सुटलेला कोटा जिल्हा पातळीवर परत वाटला, मला तरी हेच बरं वाटतं.

नुसत्या लिटरवर मोजू नका, फॅट पण धरा, नाहीतर लिटर तेवढेच ठेवून फॅट वाढवतात आणि लोणी साचतं.

आणि कोट्यापेक्षा जास्त दूध घातल्याचा दंड महिन्याला लावू नका. गायी व्यायल्या की दोन-तीन महिने दूध चढणारच, पुढे उतरतं पण. हिशोब वर्षाचा करा, आणि ज्यांचा कोटा उरलाय तो आधी जास्त घातलेल्यांच्या नावे वळता करा, त्यातही छोट्यांचा नंबर पहिला, मग उरेल त्याच्यावरच दंड.