‘तिथे कुणी मेलंच नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालताना या चुका टाळा

वर्तमानपत्राच्या शहर डेस्कवर मी पंचवीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. निवृत्त झाल्यावर वाटलं, मृतांच्या याद्यांशी आपला संबंध संपला. कसला संपतोय! आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याही अतिरेकी हल्ल्यानंतर तीन-चार दिवसांत एक मेसेज येतोच: सगळा बनाव आहे, मेलेली माणसं मुळात नव्हतीच, टीव्हीवर रडतायत ते भाड्याचे. मग आमची भली मंडळी त्याच्यावर तुटून पडतात आणि दर वेळी त्याच त्या चुका करतात. सगळ्यात मोठीपासून सुरू करतो, कारण ती माझीच आहे.

आधी आपणच खोटं पाठवणं

22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. लगेच एक व्हिडिओ फिरायला लागला. काश्मीरच्या हिरवळीवर एक जोडपं नाचतंय आणि खाली ओळ: हल्ल्यात गेलेले नौदलाचे अधिकारी आणि त्यांची पत्नी, शेवटचा व्हिडिओ. मी तो पाहिला, घसा दाटून आला आणि हात जोडल्याची दोन चिन्हं लावून ग्रुपवर टाकला. नाव दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय पान न सोडणारा माणूस मी! अधिकारी खरोखरच गेले होते, पण व्हिडिओतलं जोडपं भलतंच होतं. आम्ही जिवंत आहोत, हे थांबवा, असं त्या बिचाऱ्यांना जगापुढे येऊन सांगावं लागलं.

झालं. बी विंगच्या काकांनी लिहिलं, “बघा, दोघं परत आली. उरलेलेही येतील हळूहळू.”

साठेक मेसेज पडले असतील. कुणी काकांची अक्कल काढली, कुणी पक्ष. मी दोन परिच्छेदांचा खुलासा टाइप केला, पण माझं कोण ऐकणार? खोटा व्हिडिओ मीच टाकलेला. शेवटी तळमजल्यावरच्या मावशींनी, ज्या ग्रुपवर फक्त पाणी कधी येणार एवढंच विचारतात, एक ओळ लिहिली: “काल वैकुंठात होते मी.” पहलगामला गेलेल्यांत पुण्याचेही दोघे होते, त्यांच्यावर 24 एप्रिलला वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. ग्रुप गप्प झाला. काकांनी तासाभराने शुभ रात्रीचं गुलाबाचं फूल टाकलं.

नाकारणाऱ्याला दारूगोळा बहुतेक वेळा आपणच पुरवतो, हे मी त्या दिवशी शिकलो. 2016 च्या सुमाराला मेक्सिकोतल्या एका माणसाचा फोटो जगभरच्या दुर्घटनांच्या ‘मृतां’मध्ये दिसायचा. ऑर्लँडोचा गोळीबार, इस्तंबूलचा विमानतळ, सगळीकडे हाच. ‘हा एकच माणूस सगळीकडे कसा मरतो?’ म्हणून बनाववाल्यांची दिवाळी. पैशांच्या भांडणातून त्याच्या ओळखीच्यांनीच सूड म्हणून तो फोटो पसरवला होता, आणि हळवी माणसं तो पुढे ढकलत होती.

माझा उपाय सोपा आहे, शास्त्रीय वगैरे नाही. हल्ला झाला की दोन दिवस कुठलाही फोटो, कुठलाही व्हिडिओ मी पुढे पाठवत नाही. घसा दाटला की फोन फ्रिजवर ठेवतो.

आकडा बदलला की गडबडणं

नवशिके इथे हमखास घसरतात. समोरचा दोन कात्रणं टाकतो, एकात नऊ मृत, दुसऱ्यात सतरा, आणि विचारतो, “वरचे आठ कुठून आले?” आपला माणूस गूगल करत बसतो.

पुण्यातल्या जर्मन बेकरीचा स्फोट 13 फेब्रुवारी 2010 चा, शनिवारी संध्याकाळी. पहिल्या रात्री मृतांचा आकडा एक अंकी होता, शेवटचा आकडा 17. जखमी माणसं सगळी एकाच रात्री जात नाहीत. काही आठवड्याने जातात, काही त्याहून उशिरा, आणि तोवर पहिल्या पानावर दुसरीच बातमी असते.

आकडा कमीही होतो, आणि त्याची गंमत यादी करणाऱ्यालाच माहीत. एक नाव कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधून येतं, एक पोलिसांच्या नोंदीतून, एक नातेवाइकाच्या तोंडून. घाटातल्या एका बस अपघातात आम्ही बारा मृत छापले. दुसऱ्या दिवशी अकरा निघाले. झालं असं होतं की एका बाईचं नाव भावाने माहेरचं सांगितलं आणि दिराने सासरचं. लग्नात नाव बदललेलं, आडनावही वेगळं, गावही वेगळं. रात्री दीडला कोण ओळखणार? चौथ्या दिवशी एक वाचक कात्रण घेऊन ऑफिसात हजर: “बारावी बाई लपवलीत कुठे?” त्यांना चहा पाजून दोन्ही नावं समजावली. पटलं नाही ते नाहीच.

न्यूयॉर्कला 2001 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सुरुवातीच्या आठवड्यांत बेपत्ता आणि मृत मिळून आकडा सहा हजारांच्या वर होता. एकाच माणसाची तक्रार बायकोने केलेली, ऑफिसने केलेली, बहिणीनेही. दुबार नावं गळत गेली आणि 11 सप्टेंबरच्या सगळ्या हल्ल्यांतल्या मृतांची संख्या 2,977 वर स्थिरावली. त्यातले 2,753 न्यूयॉर्कचे, आणि त्यांच्यापैकी सुमारे 1,100 जणांच्या अवशेषांची ओळख अजून पटलेली नाही. ‘मृतदेह दाखवा’ म्हणणाऱ्याला हे आधी सांगा.

मी वहीत आकडा लिहिताना शेजारी तारीख आणि वेळ लिहितो. निम्मा वाद तिथेच मिटतो.

कुणी मारलं आणि कोण मेलं, हे एकत्र कालवणं

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बाराही आरोपी निर्दोष ठरवले. लगेच ग्रुपवर: म्हणजे सगळंच खोटं होतं! अहो, तपासावर शंका घ्या ना, खुशाल घ्या, न्यायालयानेच घेतली आहे. पण आरोपी सुटल्याने लोकलमधला माणूस घरी परतत नाही. चूक आपल्याकडूनही होते ती अशी, की मृतांची बाजू घेताना आपण पोलिसांचा शब्दन् शब्द डोक्यावर घेतो. मग आरोपपत्रातलं एक कलम पडलं की आपलं सगळं म्हणणं पडतं.

घरच्यांना मध्ये ओढणं

“त्यांच्याकडून मृत्यूचा दाखला मागवू आणि ग्रुपवर टाकू,” असं आमच्या एका उत्साही तरुणाने सुचवलं होतं. हेतू चांगला, कल्पना भयंकर. मँचेस्टरला 22 मे 2017 ला कार्यक्रमाबाहेर स्फोट होऊन 22 जण मेले. हा सगळा देखावा आहे, असं म्हणणाऱ्या रिचर्ड हॉल नावाच्या माणसाने वाचलेल्या एका मुलीच्या घराबाहेर कॅमेरा लावला, ती खरंच अपंग आहे का ते बघायला. 2024 मध्ये न्यायालयाने हा छळ ठरवला, तिला आणि तिच्या वडिलांना मिळून 45,000 पौंड भरपाई दिली. अमेरिकेत सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात 2012 मध्ये 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. तो अतिरेकी हल्ला नव्हता, पण रोग तोच. ॲलेक्स जोन्स नावाचा एक रेडिओवाला वर्षानुवर्षं त्याला बनाव म्हणत राहिला, आणि त्याच्या श्रोत्यांच्या धमक्यांपायी मूल गमावलेल्या एका बापाला पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. 2022 मध्ये एका ज्युरीने जोन्सला 96.5 कोटी डॉलरचा दणका दिला. त्या आईबापांना पुरावा मागणारे सगळेच काही दुष्ट नव्हते, काही नुसते ‘खात्री करत’ होते.

बाकीच्या चुका झटपट:

चेहऱ्यावरून दुःख मोजणं. ससून रुग्णालयाच्या डेडहाउसबाहेर एका माणसाने मला विचारलं होतं, “गाडी बाहेर लावलीय, उचलून नेतील का?” आत त्याचा भाऊ होता.

एक खोटा सापडला की हबकून जाणं. 11 सप्टेंबरच्या वाचलेल्यांच्या संघटनेची प्रमुख झालेली एक बाई त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये नव्हतीच, हे 2007 मध्ये उघड झालं. हो, ती खोटी होती. एवढंच म्हणा आणि पुढे चला.

दोन तासांचा फॅक्टचेकचा कोर्स करून ‘फोटो शोधणाऱ्या गूगल लेन्सवर काही सापडलं नाही, म्हणजे खरंय’ म्हणणं. लेन्सला सापडलं नाही, याचा अर्थ लेन्सला सापडलं नाही.

सगळ्यांसमोर उत्तर देणं. साठ जणांपुढे कुणी माघार घेत नाही. काकांच्या घरी जा, ते चहा चांगला करतात.

आणि रात्री अकरानंतर उत्तर देणं. सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर द्या.