डिजिटल चलनाचा उगम दोन प्रयोगांतून कसा समजून घ्यावा

डिजिटल चलन कुठून आले हे समजून घ्यायचे असेल, तर भावांच्या आलेखाकडे न जाता आधी कागद, लिफाफा आणि कार्बन पेपर घ्यावा. चिठ्ठीवर दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असा वीस-पंचवीस आकडी क्रमांक लिहावा, कार्बनची शाईची बाजू चिठ्ठीला टेकेल अशा रीतीने दोन्ही लिफाफ्यात बंद करावे आणि ‘बँक’ झालेल्या मित्राकडून लिफाफ्यावर दाबून सही घ्यावी. सही आतल्या चिठ्ठीवर उमटते, क्रमांक मात्र बँकेने पाहिलेला नसतो. चिठ्ठी पुढे विक्रेत्यामार्फत परत आली, की बँकेला आपली सही ओळखता येते, पण पैसे कोणी खर्चले ते कळत नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1982 साली मांडलेली ‘आंधळी सही’ ती हीच; लिफाफ्याचे काम तेथे गणित करते.

डिजिटल नाण्याची नक्कल अस्सल नाण्याइतकीच खरी असते. म्हणून वापरलेल्या क्रमांकांची वही बँकेला ठेवावी लागते, आणि चॉम यांची योजना शेवटपर्यंत बँकेवर विसंबून राहिली ती यामुळेच. त्यांची डिजीकॅश कंपनी 1998 साली दिवाळखोरीत गेली. खासगीपणा कोणी बहाल करण्याची वाट न पाहता तो प्रोग्रॅम लिहून मिळवावा, असे मानणारे सायफरपंक 1992 पासून कॅलिफोर्नियात जमू लागले होते, आणि ही वही एकाच्या हाती नसावी हा विचार त्याच वर्तुळात रुजला.

दुसऱ्या प्रयोगाला संगणक लागतो. एका वाक्यापुढे 1, 2, 3 असे आकडे जोडत प्रत्येक वेळी एसएचए-256 हॅश, म्हणजे मजकुरावरून ठरावीक गणिताने निघणारी पण आधी सांगता न येणारी चिन्हांची ओळ, काढावा. हा हॅश 0 ते 9 आणि a ते f अशी सोळा वेगवेगळी चिन्हे वापरून लिहितात, त्यामुळे शून्याने सुरू होणारा हॅश मिळायला सरासरी 16 प्रयत्न लागतात, दोन शून्यांना 256 आणि चार शून्यांना 65,536. (चारच्या फंदात हाताने पडू नये.) उत्तर तपासायला मात्र एकच हॅश पुरतो. ॲडम बॅक यांनी 1997 साली याच जातीची युक्ती हॅशकॅश नावाने, नकोशा ईमेलना आवर घालण्यासाठी सुचवली. सातोशी नाकामोतो यांनी 31 ऑक्टोबर 2008 रोजी जाहीर केलेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात ती वहीला जोडली: वहीची प्रत हवी त्याने ठेवावी, नवे पान मात्र असा हॅश शोधणाऱ्यानेच जोडावे.

आता लिफाफा कुठे गेला ते शोधावे. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ही वही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, बिटकॉइनचा कोणताही व्यवहार उघडला, तर रक्कम, वेळ आणि पत्ते (खाते क्रमांकासारख्या खुणा) उघडे दिसतात; नावे नसली, तरी एखादा पत्ता एकदा माणसाशी जुळला की त्याच्या इतर व्यवहारांचाही माग लागतो. त्या व्यवहारातील पैसे कुठून आले यावर टिचकी मारत मागे जात राहावे, म्हणजे ते बिटकॉइन ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या ज्या पानावर, प्रथम निर्माण झाले तेथपर्यंत पोहोचता येते.