किमो डे-केअरला सिस्टर म्हणून नव्याने लागताय? तिसऱ्या दिवसाचा विचार आधी करा

किमोनंतर उलटी का होते? सेरोटोनिन हे रसायन, पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नर्व्ह, मेंदूतलं उलटीचं केंद्र आणि त्यावर ओन्डानसेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध, एवढं तुम्हाला तोंडपाठ असणारच. पण गाइडमधल्या त्या आकृतीत फक्त पहिला दिवस असतो. हे उमगायला मला फार झगडावं लागलं, म्हणून सविस्तर सांगते.

सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध अंगात गेलं की लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः त्याची, आणि तिथे ओन्डानसेट्रॉन चांगलं चालतं. संध्याकाळी पेशंट मावशी हसतमुखाने गेवराईची एसटी धरतात आणि फाइलवर 'उलटी नाही' अशी नोंद होते. खरा जोर ४८ ते ७२ तासांनी येतो, मावशी गावी असताना. तेव्हा मुख्य काम सबस्टन्स पी हे दुसरं रसायन करतं, मेंदूतल्या एनके-१ रिसेप्टरवर. अशा वेळी ओन्डानसेट्रॉन वाढवून फारसा फरक पडत नाही, शौचाला मात्र घट्ट होतं. तिथे हा रिसेप्टर अडवणारं अप्रेपिटंट लागतं: पहिल्या दिवशी १२५, पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅम. सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, बऱ्याचदा ओलान्झापिनही. लिहून देणं डॉक्टरांचं काम, पण गोळ्या पिशवीत पडल्या का हे आपणच बघायचं. 'आता बरं वाटतंय, मग कशाला?' म्हणून त्या डब्यात राहतात. बरं वाटत असतानाच घ्यायच्या, हे मावशींना सांगा, सोबत आलेल्या लेकालाही सांगा.

दहा मिनिटांच्या व्हिडिओंवर माझा विश्वास नाही. ते सगळ्या किमोला एकाच मापात बसवतात. व्हिन्क्रिस्टीनने उलटी क्वचितच होते. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड एकत्र दिलं तर धोका मोठा. त्यापेक्षा एखाद्या जुन्या सिस्टरजवळ उभ्या राहा. त्या 'उलटी झाली का?' एवढंच विचारून थांबत नाहीत, 'तिसऱ्या दिवशी भाकरी गेली का?' असंही विचारतात. आपल्याकडची माणसं उलटी मोजतात, मळमळ सांगतच नाहीत, आणि मळमळ आवरणं जास्त अवघड असतं.

नावांना घाबरू नका, ती जिभेवर बसतात. घाबरायचं पहिल्या सायकलला, म्हणजे किमोच्या पहिल्या फेरीला. ती बिघडली की पुढे दवाखान्याचं गेट दिसताच उमासे सुरू होतात, औषध अंगात जायच्या आधीच.

आणि मराठवाड्याचा मे महिना लक्षात ठेवा. सिस्प्लॅटिननंतर उलट्या, वर ऊन, पाणी पोटात टिकत नाही. हे थेट किडनीवर जातं. लघवी कमी झाली किंवा पाणीही राहिना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जवळचा दवाखाना गाठायचा. हे फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या.