पावसाळी रेशीम पीक आणि उझी माशी

पावसाळी बॅच घेणाऱ्या तुती रेशीम उत्पादकांनी चॉकी अळ्या (संगोपनासाठी आणल्या जाणाऱ्या लहान रेशीम अळ्या) घरी येण्यापूर्वीच संगोपनगृहाची नायलॉन जाळी तपासून फाटलेली जागा शिवून घ्यावी, कारण रेशीम अळीच्या अंगात वाढणारी उझी माशी वर्षभर आढळत असली तरी पावसाळ्यात तिचा उपद्रव सर्वाधिक असतो. एक्झोरिस्टा प्रजातीतील ही माशी पूर्वी पश्चिम बंगालमध्ये होती. १९८० साली ती कोषांच्या वाहतुकीबरोबर कर्नाटकात पोहोचली.

घरमाशीपेक्षा मोठी आणि पाठीवर चार उभे काळे पट्टे असलेली मादी मोठ्या अळीच्या अंगावर, बहुधा दोन वळ्यांच्या खाचेत, टाचणीच्या टोकाएवढे पांढरट अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत अंड्यातून निघालेला मॅगॉट (माशीची अळी) रेशीम अळीची कातडी भोकून आत शिरतो आणि त्या जागी काळा डाग उमटतो. डाग दिसला म्हणजे त्या अळीपुरती फवारणीची वेळ निघून गेली, असे समजावे. उझीसाईड हे उझी माशीवरचे फवारणीचे औषध केवळ अंडी मारते. म्हणून ते अळीच्या तिसऱ्या अवस्थेपासून (दुसऱ्यांदा कात टाकल्यानंतर) वेळापत्रकाप्रमाणे, अळ्यांच्या अंगावर बसेल अशा बेताने फवारावे. रेशीम अळी हीदेखील कीटकच असल्याने संगोपनगृहात साधे कीटकनाशक वापरणे म्हणजे आपलेच पीक मारणे होय.

पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला बाधित झालेली अळी कोष न करताच मरते. उशिरा बाधित झालेली अळी कोष करते खरी, पण मॅगॉट त्याचे टोक भोकून बाहेर पडतो आणि धागा तुटत असल्याने असा कोष उकलता येत नाही.

आमच्या मते खरी हयगय होते ती कोष काढल्यानंतर. बाहेर पडलेले मॅगॉट चंद्रिकांखाली (अळ्या ज्यांवर कोष विणतात त्या चौकटींखाली), भिंतीच्या कडेला आणि फरशीच्या भेगांत शिरून तपकिरी कोशावस्थेत जातात, आणि साधारण १० ते १२ दिवसांनी निघालेल्या माश्या पुढच्या बॅचची वाट पाहत असतात. म्हणून भेगा आधीच सिमेंटने बुजवाव्यात, मॅगॉट व कोशावस्था रोज झाडून साबणाच्या पाण्यात टाकावेत किंवा जाळावेत आणि डागाळलेल्या अळ्या उकिरड्यावर मुळीच फेकू नयेत. उझी माशीच्या कोशावस्थेवर जगणारे नेसोलिन्क्स थायमस हे परोपजीवी कीटक संगोपनगृहात सायंकाळी सोडावेत. कोष काढल्यानंतर हे कीटक असलेल्या पिशव्या खताच्या खड्ड्याजवळ ठेवाव्यात.