बुरशी, पिकाचा रोग आणि रानातलं झाड पुस्तकातून कसं शोधायचं

पाऊस लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो सुरू होतात, भाचा धरणगावहून पाठवतो, शिरपूरकडचे पाव्हणे पाठवतात आणि खाली अहिराणीत एकच ओळ, "मामा, हाई काय शे?" (हे काय आहे?) फोटोत पानापेक्षा अंगठा जास्त. मी काही शास्त्रज्ञ नाही हो, घरात दोन पत्र्याच्या पेट्या भरून पुस्तकं आहेत आणि ती कशी चाळायची हे चुका करून करून कळलंय एवढंच. तर फोटो पाठवण्याआधी तुमचं तुम्ही कसं शोधायचं ते सांगतो. एक गोष्ट पक्की धरा, पुस्तकात नावावरून शोधायला जायचं नाही, नाव सगळ्यात शेवटी येतं.

पायरी १: आधी नमुना, मग पुस्तक

पान तोडायच्या आधी शेतात दोन मिनिटं थांबा आणि लिहून घ्या, मोबाईलमधे लिहिलं तरी चालेल. गाव, तारीख, पीक, वाण, लागवड कधीची, डाग खालच्या जुन्या पानांवर आहेत की वरच्या कोवळ्या, सगळ्या शेतात आहेत की बांधाकडच्या चार ओळीतच, आणि मागच्या पंधरा दिवसात काय काय फवारलं. हे शेवटचं लोक सांगत नाहीत, का कुणास ठाऊक.

पूर्ण वाळलेलं पान आणू नका, त्यावर मागून आलेल्या दहा बुरश्या असतात. निम्मं चांगलं निम्मं रोगट असं पान घ्या, डागाची कड दिसली पाहिजे, सगळी गंमत त्या कडेलाच असते. आणि कॅरीबॅग नको, पान घामतं आणि घरी येईपर्यंत त्यावर भलतीच बुरशी उगवते मग तुम्ही पुस्तकात तीच शोधत बसता. सरळ जुन्या पेपरात गुंडाळा.

रानझाड असेल तर फुलासकट फांदी घ्या, जमलं तर फळ किंवा शेंग पण. नुसत्या पानावरून भले भले चुकतात. पेपरात दाबून वर वजन ठेवायचं आणि पावसाळ्यात रोज पेपर बदलायचा, नाहीतर काळं पडतं. कंद उपटू नका, सातपुड्यातली सफेद मुसळी अशीच खणून खणून कमी झाली. यावल अभयारण्यात तर तोडायचंच नाही, तिथे फक्त फोटो आणि वही.

पायरी २: कोणत्या प्रश्नाला कोणतं पुस्तक

इथेच घोळ होतो. झाड कोणतं हे सांगणारं पुस्तक वेगळं, त्याला झालंय काय हे सांगणारं वेगळं, आणि बुरशीचं शास्त्र सांगणारं तिसरंच. मी एकदा कपाशीची लाल पडलेली पानं घेऊन अख्खी संध्याकाळ बुरशीच्या पुस्तकात घालवली, सापडेना म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या कृषी केंद्रावर गेलो, तिथल्या दुकानदाराने बुरशीनाशकाची बाटली हातात दिली, मी पण मारलं. पानं लालच. ते निघालं लाल्या, त्यात बुरशीचा काही संबंधच नसतो, नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणं, रात्रीची थंडी अशी कारणं, म्हणजे ते खतांच्या, अन्नद्रव्यांच्या पुस्तकात सापडणार. फवारणी मातीत गेली आणि मजुरी वेगळी.

पायरी ३: रोग शोधताना पिकापासून सुरू करा

"करपा" असं सूचीत बघाल तर फसाल. आपल्याकडे केळीला करपा, कांद्याला करपा, टोमॅटोला करपा, भुईमुगालाही करपा, आणि प्रत्येकाची बुरशी वेगळी. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पीक, मग भाग (पान, खोड, मूळ, फळ), मग लक्षण. चांगल्या पुस्तकात मागे पिकांप्रमाणे यादी असते, तिथून आत शिरा.

आता कपाशीचा दहिया रोग घ्या, भिंगातून बघायला हा सगळ्यात सोपा. १० पट दाखवणारं छोटं भिंग घ्या, सोनार डोळ्याला लावतो तसं. पान उलटं करा. खालच्या बाजूला दही शिंपडल्यासारखे पांढरट ठिपके दिसतील, पण नीट बघा, ते गोल नसतात, कोपरे कोपरे असतात कारण पानाच्या बारीक शिरा त्यांना अडवतात, शेतांना बांध असतात ना तसं. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग असेल तर तो शिरा-बिरा बघत नाही, पीठ सांडल्यासारखा पसरतो. पुस्तकातलं वर्णन वाचताना "शिरांनी मर्यादित" असे शब्द येतात ते वाचून आपण पुढे जातो, पण ओळखायची खूण तीच असते.

केळीवाल्यांसाठी एक. हरण्या हा रोग शोधताना पुस्तकातल्या बुरशीच्या पानांवर वेळ घालवू नका, तो विषाणू आहे, त्याचं नाव ककुंबर मोझॅक, म्हणजे रोग केळीचा आणि नाव काकडीचं. मावा ही बारीक कीड तो पसरवते. काकडीवर्गातल्या वेली त्याची घरं, म्हणूनच केळीत काकडी, भोपळा लावू नका म्हणतात. पुस्तकात केळीच्या यादीत सापडला नाही तर काकडीच्या यादीत बघा.

पायरी ४: रानझाडासाठी जिल्ह्याची फ्लोरा

फ्लोरा म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या झाडांची शास्त्रीय नोंद. आपलं नशीब चांगलं, धुळे-नंदुरबारची फ्लोरा २००३ ला आली आणि जळगाव जिल्ह्याची २००८ ला. दोन्ही इंग्रजीत. राज्याची हवी असेल तर बीएसआयची (म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण) फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट आहे, तिचे तीन भाग १९९६ ते २००१ मधे आले. आणि सगळ्यांचा आजोबा म्हणजे थिओडोर कुकचं फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे, १९०१ ते १९०८ मधे भागाभागाने छापलेलं, १९५८ ला पुन्हा निघालं. ते बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. घेणार असाल तर मी म्हणेन आधी जिल्ह्याची फ्लोरा घ्या, कुकला मोबाईलवर ठेवा.

फ्लोरात किल्ली असते, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय, पानं समोरासमोर की एकाआड एक, हे असेल तर पुढे ५ वर जा, ते असेल तर ९ वर. घाई केली की चुकीच्या गल्लीत शिरता आणि शेवटी वर्णन जुळत नाही, मग मागे या, त्यात लाज नाही. सराव रोजच्या झाडावर करा. तरोटा घ्या, कोकणात टाकळा म्हणतात तो, बांधावर ढिगाने असतो. एका पानात पत्रकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या, संध्याकाळी मिटतात, चुरगळलं की उग्र वास. आता भिंग लावून दांडीवर खालच्या जोड्यांच्या मधे बघा, टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळसर गाठी दिसतील. त्या एकाच जोडीत आहेत की दोन जोड्यांत, एवढ्यावरून तरोटा आणि त्याची जुळी बहीण वेगळी होते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा इतकी वर्षं त्याची भाजी खाल्ली आणि काहीच बघितलं नाही असं वाटलं.

जुन्या पुस्तकात गावांची नावं पण जपून वाचा. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, आणि नंदुरबार तर १९९८ ला धुळ्यातून निघाला. म्हणजे "अक्राणी, पश्चिम खानदेश" असं दिसलं तर ते आजच्या नंदुरबारात. आणि गाजरगवत कुकमधे शोधू नका, ते पुण्यात १९५५ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसलं, कुकला कुठून माहीत असणार.

पायरी ५: दोन नावं दिसली तर घाबरू नका

तरोटा जुन्या पुस्तकात कॅसिया टोरा, नव्यात सेन्ना टोरा. झाड तेच. बुरशीत तर आणखी मजा, एकाच बुरशीला तिच्या दोन रूपांची दोन नावं असायची, २०११ ला मेलबर्नला नावं द्यायचा नियम बदलला आणि २०१३ पासून एक बुरशी एक नाव असं ठरलं. त्यामुळे केळीचा करपा, ज्याला फिजी बेटावरच्या सिगाटोका खोऱ्याचं नाव पडलंय, तो कुठे मायकोस्फेरेला म्युझिकोला दिसेल आणि कुठे स्यूडोसर्कोस्पोरा म्युझी. बुरशीचं चालू नाव इंडेक्स फंगोरमवर टाकून बघा, झाडाचं लंडनच्या क्यू बागेच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर. जुनं पुस्तक रद्दीत घालू नका, डागाचं वर्णन बटलर या बुरशीच्या अभ्यासकाच्या १९१८ च्या पुस्तकात आजच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा सावकाश लिहिलेलं आहे. औषधांचं मात्र जुन्या पुस्तकातून काहीही उचलायचं नाही, तिथे पाऱ्याची औषधं पण सापडतील.

पायरी ६: अळंबीचा ठसा

वारुळावर उगवणारी अळंबी लोक आवडीने खातात, पण पुस्तकातल्या फोटोवरून जुळवून खायची नाही, हे मी अगदी हात जोडून सांगतो. ओळखायला शिकायचं असेल तर छत्री दांड्यापासून कापा, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा पडलेला असतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो आणि तिचा दांडा जमिनीत मुळासारखा खोल गेलेला असतो. गवतात उगवणारी एक मोठी पांढरी छत्री असते, क्लोरोफायलम, तिचा ठसा हिरवट, ती खाल्ली तर रात्रभर उलट्या. आणि युरोपातल्या पुस्तकांचे सुंदर फोटो बघून आपल्या रानातलं काही ठरवू नका.

पायरी ७: अडलं तर कुणाला विचारायचं

रोगाचं रोजचं काम असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी ही शेतीच्या माहितीची पुस्तिका घरात असू द्या, मराठीत आहे. रावेर-यावलकडच्यांना पालचं कृषी विज्ञान केंद्र जवळ, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. झाडाचं जळगावच्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्रवाल्यांना विचारा, अगदीच अडलं तर पुण्यात बीएसआय आणि बुरशीसाठी आघारकर संस्था. मोकळ्या हाताने जाऊ नका, पेपरातला नमुना आणि ती वही न्या.

भाच्याने मागच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाकीट पाठवलं. पेपरात सहा पानं, वर गाव, तारीख, वाण, "डाग फक्त खालच्या पानांवर" असं लिहिलेलं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कबुली, की मामा मागच्या सोमवारी एक फवारा मारला होता.